आठ वाजले

२७ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय विहीणबाईंना,

सप्रेम नमस्कार. तुमचं सकाळचं फिरणं आणि हृदयाची गोळी, दोन्ही वेळच्या वेळी चालू असेल असं धरून चालते. व्याह्यांनाही नमस्कार सांगा. मी बरी आहे. रीत म्हणून लिहीत नाही, खरंच बरी आहे. आज सकाळी उशीला टेकून बसले आणि स्वतःच्या हातानं पाणी प्यायले.

फोन सोडून मी पत्र का लिहितेय, असं तुमच्या मनात येईल. माझा आवाज गेलाय. घशात नळी होती, ती काढली तेव्हा तिच्याबरोबर आवाजही गेला. येईल परत, असं डॉक्टर म्हणतात. अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ‘कृपया थांबा, फोन जोडून देते’ म्हणण्यात गेली, आता माझीच लाइन तुटली. नर्सनं एक पुठ्ठा आणि कागदांचा गठ्ठा दिलाय. मुलगा आला की त्याच्याशी लिहून बोलते, आणि इथल्या परदेशी नर्सांची भाषा येत नाही म्हणून त्यांना चित्रं काढून दाखवते. काल चादर हवी म्हणून चित्र काढलं, तर तिनं खिडकी उघडली. मी कुडकुडायला लागले तेव्हा कुठे तिला चित्र कळलं.

‘साधा ताप आहे, आई घरीच विश्रांती घेतायत,’ असं जावईबापूंनी तुम्हाला कळवलं होतं. ताप साधा नव्हता. व्हायरसचा न्यूमोनिया होता, दोन्ही फुप्फुसांत. एका दुपारी बसल्या जागी श्वास पुरेना. तोंड उघडावं तर हवा आत येतच नाही, असं झालं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. अँब्युलन्सचं छत, कुणाचा तरी हातमोजा घातलेला हात, आणि नंतर काहीच नाही. मला पालथं झोपवून ठेवलं होतं म्हणे, फुप्फुसांना बरं पडतं म्हणून.

आता नाकात ऑक्सिजनची बारीक नळी आहे, बोटाला चिमटा आहे. एक धिप्पाड गृहस्थ रोज येऊन मला उभं करतात, छातीवर थापट्या मारतात, खोकायला लावतात. मी त्यांना कवायत मास्तर म्हणते. त्यांनी फुंकायला नव्हे, श्वास ओढायला एक खेळणं दिलंय, त्यात तीन चेंडू आहेत. श्वास ओढला की चेंडू वर जायला हवेत. पहिला जातो, दुसरा नुसता डुगडुगतो, आणि तिसरा माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

दम लागला. थांबते.


त्याच दिवशी, दुपारी

वॉर्ड मोठा आहे. मधे पडदे आहेत आणि मधोमध नर्सांचं टेबल. त्या टेबलावर एक फोन आहे. विहीणबाई, या फोनची मला फार भीती वाटते. आयुष्यभर फोन वाजला की मी हात पुढे केला, आता वाजला की पाय पोटाशी घेते. वाजला की नर्स उचलते, आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघते. ऐकता ऐकता तिनं माझ्या खाटेकडे पाहिलं नाही, की मी पुन्हा श्वास घेते. मास्कमुळे डोळ्यांशिवाय काही दिसत नाही. डोळ्यांवरून किती ओळखायचं?

परवा समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी मला दुरून हात केला होता. मीही केला. काल तिथे स्वच्छ चादर होती आणि तिची घडीही मोडलेली नव्हती. ‘घरी गेले,’ असं नर्सनं खुणेनं सांगितलं. कुठल्या घरी ते मी विचारलं नाही.

आपली नात छान आहे. तिचा फोटो पाठवलाच आहे तुम्हाला. काचेच्या पेटीत आहे, कारण आली लवकर, पण रडते मात्र खणखणीत. जीव मुठीएवढा आणि आवाज हा एवढा. तो कुणाकडून आला हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही शाळेत शिकवलेली पोरं अजून झोपेतून दचकून उठत असतील.

तुमच्या लेकीचा, छकीचा, बाळासोबतचा फोटो पाठवा, असं तुम्ही दोनदा लिहिलंत. ती विश्रांती घेतेय.

आता पुरे. उद्या लिहिते.


२८ नोव्हेंबर

काल पत्र थांबवलं ते दम लागला म्हणून नाही.

ट्रंककॉल जोडून देण्याच्या दिवसांत मला एक गोष्ट कळली होती. ज्याला वाईट बातमी सांगायची असते तो आधी हवापाण्याची चौकशी करतो. पाऊस कसा आहे, मुलं काय म्हणतात, मग गाडी हळूहळू मुद्द्यावर येते. पलीकडचा माणूस मात्र पहिल्या वाक्यालाच ओळखतो. माझी कालची पानं वाचताना तुम्हीही ओळखलं असेल. ती फाडणार होते. पण त्यात खोटं काही नाही, फक्त अपुरं आहे, म्हणून राहू दिली.

विहीणबाई, इथे थांबा. खुर्चीत बसा आणि व्याह्यांना शेजारी बोलवा. गोळी घेतली नसेल तर आधी घ्या. तुम्ही बसलात असं धरून पुढे लिहिते.

छकी विश्रांती घेत नाहीये. छकी व्हेंटिलेटरवर आहे.

मला इथे आणलं, त्यानंतर दोनच दिवसांत तिलाही आणलं. बाळ पोटात आणि फुप्फुसं भरलेली. दोघींचा जीव वाचवायचा तर बाळाला लगेच बाहेर काढायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करून काढलं. नात सुखरूप आहे, ते अगदी खरं आहे. पण छकीला त्यानंतर झोपवूनच ठेवावं लागलं. तिनं लेकीला अजून पाहिलेलं नाही.

माझा खोकला आधी सुरू झाला होता. ती जड अंगानं माझ्या उशाशी गरम पाणी आणून ठेवायची. खोलीत येऊ नकोस म्हणून दटावलं की बाहेर जायची आणि दुसऱ्या कामाचं निमित्त काढून परत यायची. कुणाचं कुणाला लागलं हे डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत. पण मी उठून बसलेय आणि ती आडवी आहे, हे मला पाण्याच्या प्रत्येक घोटाला आठवतं. तुमच्या हृदयात स्टेंट बसवला, डॉक्टर विमानाचा प्रवास नको म्हणाले, म्हणून तुमच्याऐवजी बाळंतपणाला मी आले. विमानतळावर तुमचा हात धरून काय म्हणाले होते ते तुम्हीही विसरला नसाल. ‘केसाला धक्का लागू देणार नाही.’

तुम्हाला सांगायचं नाही हे चिरंजीवांनी ठरवलं. त्याच्यावर रागावू नका. तो उभ्या उभ्या वाळलाय. बायको एका मजल्यावर, आई दुसऱ्या, लेक तिसऱ्या, आणि हा मधल्या लिफ्टमध्ये. छकीच्या फोनवरून तुम्हाला येतात ते मेसेज तोच लिहितो. गेल्या आठवड्यात त्यानं सवयीनं लिहून टाकलं, ‘आई, तुम्ही गोळी घेतलीत का?’ पोटच्या पोरीनं अहोजाहो केल्यावर कुठली आई विचारल्याशिवाय राहील? तुम्ही राहिलात. तेव्हापासून तुमचा एकही मेसेज नाही. हा मला म्हणतो, ‘बरं झालं, त्यांना संशय आला नाही.’ आता या शहाण्याला काय सांगायचं! तुम्ही विचारत नाही, कारण उत्तराची भीती वाटते. मी इथे नर्सला आजोबांचं विचारलं नाही, तसंच. दोन्हीकडे आपण दोघी जीव मुठीत धरून गप्प बसलोय.

आज तो आला तेव्हा मी हे पत्र त्याच्यापुढे धरलं. मास्कच्या वर त्याचे डोळे लाल झाले.

“आई, आपलं काय ठरलंय?” तो म्हणाला. “त्यांना धक्का बसला तर? एकीला वाचवता वाचवता दुसरीला घालवायची का?”

मी लिहिलं, “आई आहे ती.”

“म्हणूनच तर म्हणतो.”

“किती दिवस लपवणार?”

“छकी उठेपर्यंत. उठली की तीच बोलेल त्यांच्याशी, आणि सगळं मिटेल.”

मी लिहिलं, “आणि नाही उठली तर?” लिहिलं आणि लगेच खोडलं, पण त्यानं वाचलं होतं. तो खाटेच्या कडेला बसला आणि लहानपणी बसायचा तसा माझ्या पायांवर डोकं ठेवून राहिला. नर्सनं येऊन त्याला उठवलं. असं बसायला इथे परवानगी नाही.


२९ नोव्हेंबर, सकाळ

काल दुपारी मी छकीला पाहून आले. कवायत मास्तरांनी परवानगी काढली आणि मला चाकाच्या खुर्चीतून, ऑक्सिजनच्या नळकांड्यासकट नेलं.

तुमच्यापासून काही लपवायचं नाही, असं आता ठरवलंय, म्हणून जसं पाहिलं तसं सांगते. तिच्या तोंडात नळी आहे आणि ती गालांवर चिकटपट्टीनं बसवलीय. चेहरा सुजलाय. कुणा नर्सनं तिच्या केसांच्या दोन वेण्या घातल्यात, त्यामुळे ती शाळकरी दिसते. झोपेत नळी ओढू नये म्हणून मनगटं मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधलीत. मी पट्टीखाली बोट घालून पाहिलं, सैल आहे, काचत नाही.

फुप्फुसं सुधारलीत, असं डॉक्टर म्हणतात. मुलानं मला दोनदा समजावून सांगितलं, मीही दोनदा विचारलं. झोपेचं औषध बंद केलंय. आता तिनं जागं व्हायला हवं. जागी होऊन सांगितलेलं ऐकायला, स्वतः खोकायला लागली की नळी काढता येईल. आणि ती जागी होत नाहीये. डोळे उघडते, पण त्यांत ओळख नसते. चालत्या गाडीतून बाहेर बघावं तशी आपल्याकडे बघते आणि पुन्हा मिटून घेते. मधेच अशी झटापट करते की मशीन किंचाळायला लागतं, मग पुन्हा थोडं झोपेचं औषध द्यावं लागतं. असंच चालू राहिलं तर गळ्याला छेद देऊन तिथून नळी घालावी लागेल. ‘मधे तिचा ऑक्सिजन फार खाली गेला होता, त्यामुळे मेंदूला...’ इथपर्यंत बोलून डॉक्टर थांबले. मुलानं ते वाक्य पूर्ण करून मला सांगितलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

घरच्यांनी तिच्याशी बोलत राहा, असं डॉक्टर सांगतात. ओळखीचा आवाज कधी कधी आतपर्यंत पोचतो. मुलगा रोज बोलतो. बाळाचं रडणं फोनवर टिपून तिच्या कानाशी धरलं, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण डोळे काही उघडले नाहीत. तुमचे जुने व्हॉइस मेसेजही ऐकवले. ‘बाळा, जपून राहा, वेळेवर जेव, सासूबाईंना त्रास देऊ नकोस.’ काही उपयोग झाला नाही.

आणि तिथे खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो तुमचा आवाजच नव्हे! तो तुमचा फोनवरचा आवाज, पाहुण्यांपुढचा, इस्त्री केलेला. त्यानं कोण उठतंय?

लग्नाच्या दिवशीची सकाळ आठवते? कार्यालयात तुमची माणसं भिंतीपलीकडे उतरली होती, आमची अलीकडे. पहाटे भिंतीतून अशी हाक आली, ‘छके, ऊठ, आठ वाजले!’ की आमचं सगळं वऱ्हाड खडबडून उठलं. माझा दीर एक पायमोजा घालून जिन्यापर्यंत धावला. घड्याळात पाहिलं तर सहासुद्धा धड वाजलेले नव्हते. त्यावरून आमच्याकडे तुम्हाला काय काय नावं ठेवली गेली ते आता सांगत नाही.

आजारपणाच्या आधी एकदा छकीला जाग यायला उशीर झाला होता. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, “आई, तुम्ही उठवत का नाही हो? आमच्या आईला उठवता येतं. जन्मात कधी खरी वेळ सांगितली नाही तिनं. दरवेळी आठच वाजायचे. मला माहीत असायचं ती खोटं बोलतेय, तरी दरवेळी उडी मारून उठायचे. आजही कुणी आठ म्हटलं की पाय आपोआप खाटेवरून खाली जातात.” एवढं बोलून पोटावर हात ठेवून हसत सुटली. मी म्हटलं, आता या पोटातलीलाही तुझी आईच उठवणार.

काल मी वाकून तिच्या कानाशी म्हणायला गेले, ‘छके, आठ वाजले.’ तोंडातून नुसती हवा आली. ओठ हलले, आवाज नाही. एवढी असहाय मी स्वतःच्या श्वासासाठी तडफडतानाही झाले नव्हते. मग मुलानं म्हणून पाहिलं. तो बिचारा घोषणा करावी तसं म्हणाला. नवऱ्याच्या सांगण्यावरून कोण उठलंय आजवर?

म्हणून हे पत्र. खरं न सांगता तुमच्याकडून हाक मागवायची कशी? ‘आई, गंमत म्हणून ओरडून दाखव’ असा मेसेज छकीच्या नावानं पाठवावा, असंही मुलाच्या मनात येऊन गेलं. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘नाही’ लिहिलं. त्या हाकेत लेक उठलीच पाहिजे असा जीव असतो. तो खोट्या निरोपावर येणार नाही. शेवटी त्यालाही पटलं. आज संध्याकाळी तो ही सगळी पानं फोटो काढून व्याह्यांच्या फोनवर पाठवणार आहे.

तुमच्या हृदयाची भीती मलाही आहे. पत्र पाठवून मी चूक करत असेन, तर ती माझी एकटीची. पण उलटं असतं, माझा मुलगा असा पडला असता आणि तुम्ही मला मेसेजवर खेळवत ठेवलं असतं, तर मी तुम्हाला जन्मात माफ केलं नसतं.

आता मी सांगते तसं करा. आधी पोटभर रडून घ्या. व्याह्यांच्या खांद्यावर रडा, माझ्या नावानं बोटं मोडा, सगळं करा. मग तोंड धुवा. मग स्वयंपाकघरात जा, ओट्यापाशी उभ्या राहा, तिच्या खोलीच्या दाराकडे तोंड करा आणि फोन व्याह्यांच्या हातात द्या. बाळा म्हणू नका, सोन्या म्हणू नका. काय झालंय, कुठे आहेस, काही विचारू नका. रडका आवाज तिच्या कानावर गेला तर ती आत कुठे असेल तिथे आणखी घाबरेल. चिडका आवाज ऐकला तर तिला वाटेल आपण घरीच आहोत, सगळं जिथल्या तिथे आहे आणि आपल्याला उशीर झालाय.

ती उठेलच असं मी लिहीत नाही. मला इथे कुणी तसं सांगितलेलं नाही, आणि मला न सांगितलेलं काही मी आता तुम्हाला सांगणार नाही. तिकडून रेकॉर्डिंग येईल, ते कानाशी लावू, आणि तिचे डोळे असेच चालत्या गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिले तर काय, हे मलाही माहीत नाही. तरीही ओरडा.

‘कळावे, लोभ असावा’ असं लिहून पत्र संपवायची रीत आहे. कळावं म्हणून तर सगळं लिहिलं. लोभाचं मग बघू, आधी आवाज पाठवा.

टेबलावरचा तो फोन आत्ताच वाजला. नर्सनं उचलला, माझ्याकडे पाहिलं नाही.

इथे किती वाजलेत ते सांगत नाही. तुम्ही आठच म्हणा.

बोला विहीणबाई, लाइन जोडून दिलीय.

तुमच्या छकीची सासू